चिखलावरची खोली: घणसोली ते कामोठे, एक रविवार

"भूगोल शिकून माझी लेक पुढं काय व्हनार?"

हा प्रश्न मला कमलमावशींनी विहाराच्या पायऱ्यांवर विचारला. मी स्वतः भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. पेढे वाटले गेले, फोटो काढला गेला, आणि आता मी महापेला एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात गाड्यांच्या नोंदी संगणकावर भरते. नकाशाशी माझा संबंध रविवारपुरता उरला आहे. रविवारी सकाळी घणसोली गावातल्या विहाराच्या अभ्यासिकेत मी अकरावी-बारावीच्या चार मुलांना भूगोल शिकवते. मुलं मला ताई म्हणतात. कमलमावशी मात्र 'म्याडम' म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द किंचित चिमटा काढल्यासारखा येतो.

त्यांची मुलगी ऋतुजा घणसोलीच्याच कॉलेजात बारावीला आहे. चौघांमध्ये भूगोल खरोखर आवडणारी ती एकटी. नदीचा उगम दाखवायला सांगितला तर बाकीचे बोट ठेवतात आणि ही बोट ठेवून त्या नदीबरोबर समुद्रापर्यंत जाते. तिच्या वडिलांची सिक्युरिटीची ड्यूटी कळंबोलीला लागली, तेव्हा घर कामोठ्याला हलवायचं ठरलं. तिथे ज्या कॉलेजात तिला प्रवेश मिळत होता तिथे बारावीला भूगोल नव्हता. त्याऐवजी समाजशास्त्र घ्यावं लागणार होतं.

"रोज ट्रेननं येईल की घणसोलीला," मी म्हणाले.

"जाऊन-येऊन पोरगी दमून पडंल. आभ्यास कवा करंल? आन् कशापायी? भूगोलापायी?"

त्यानंतरच तो प्रश्न आला.

मुलांना क्षेत्रभेटीचा अहवाल लिहायचा होता. मी विचार केला होता की कर्नाळ्याला वगैरे न जाता आपल्याच नवी मुंबईत फिरू. खाडीपासून डोंगरापर्यंत आणि डोंगरावरून परत सखल भागात. माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतली जुन्या टोपोशीटची झेरॉक्स होती. टोपोशीट म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर अशा प्रमाणाचा सरकारी नकाशा. त्याचं सर्वेक्षण झालं तेव्हा नवी मुंबई जेमतेम कागदावर होती, त्यामुळे त्यात सेक्टर नाहीत, टॉवर नाहीत. भातशेती, मिठागरं, भरतीचं पाणी शिरणारं खाजण आणि मध्ये मध्ये गावांचे छोटे पुंजके. झेरॉक्स काळी-पांढरी, म्हणून ऋतुजाने ती रंगवली होती: समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळं, भरतीच्या चिखलावर निळ्या तुटक रेघा.

शेवटचा थांबा कामोठे आहे हे कळल्यावर कमलमावशी म्हणाल्या, "मग मी बी येते. खोली बघून व्हईल. आन् तुमचा भूगोल बी बघते काय हाय त्यो."

*

निघालो घणसोली गावातूनच. पावसाने आठवडाभर झोडपून त्या दिवशी उघडीप दिली होती. गावात घरं इतकी एकमेकांना खेटून आहेत की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून वाटी देता-घेता येते. टोपोशीटवर हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेला भातशेती दाखवली आहे. आम्ही नकाशा धरून त्या शेतात उभे राहिलो. डावीकडे मोबाईलचं दुकान, उजवीकडे टॉवरचं गेट.

ओंकार हा गावातलाच, आगरी घरातला मुलगा. तो गेटकडे बघत म्हणाला, "ताई, इथे माझ्या आजोबांचं शेत होतं. आता वॉचमन मला आत सोडत नाही. बोलतो, किसके यहाँ जाना है."

"मंग तू काय म्हनलास?" मावशींनी विचारलं.

"बोललो, खुद के खेत में."

मावशी खळखळून हसल्या. इतका वेळ त्या पिशवी पोटाशी धरून परक्यासारख्या उभ्या होत्या. इथून पुढे ओंकार आणि त्यांची जोडी जमली.

नेरूळला बसने गेलो. बसचे नंबर मुद्दाम देत नाही, ते बदलत असतात; घणसोलीच्या थांब्यावर कुणालाही विचारा. बस बेताची भरलेली होती आणि तिकीट रिक्षाच्या मानाने काहीच नाही. सारसोळे जेट्टीला जायचं तर पाम बीच रस्ता जपून ओलांडा, गाड्या तिथे भन्नाट सुटलेल्या असतात. रस्त्यापलीकडे कांदळवनातून एक वाट जाते. दोन मिनिटांपूर्वी हॉर्नने कान किटलेले असतात आणि इथे चिखलात खेकड्यांची बारीक टिकटिक ऐकू येते. पावसाळ्यात चपला घालून जाऊ नका. आमच्यातल्या दोघींनी एकेक चप्पल चिखलातून उपसून काढली.

जेट्टीवर एक वयस्क बाई पाटीत कोळंबी निवडत बसली होती. ओंकारने ओळख नसताना ओळख काढली आणि भरती कधी चढेल ते विचारलं.

"काय गो आय, पानी कवा चरंल?"

"येल हाय अजून. कुठशी आलाव?"

"घनसोलीशी. अभ्यासाला."

"आमचे पान्यान कसला अभ्यास?" ती हसली. "आन् आज बघून काय करशाल? आज भांग हाय. पानी जास्ती नाय चरनार. उधानाला या, मंग बघा."

ऋतुजाने माझा दंड धरला. "ताई, भांग! भांगाची भरती! पुस्तकात आहे तेच!" अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य काटकोनात येतात म्हणून भरती कमी चढते, हे तिला पाठ होतं. पण तो शब्द कुणी कोळंबी निवडताना सहज वापरतं हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर शब्द पाठ करून घेताना मीही कधी विचार केला नव्हता की तो कुणाच्या घरातून पुस्तकात आला असेल.

मावशींनी तोवर कोळंबीचा भाव विचारला, घासाघीस केली आणि न घेताच उठल्या. "दिसभर पिशवीत घिऊन फिरल्यावर बसमदली लोकं आपल्याला उतरून देतेल," असं त्यांनी त्या बाईला समजावून सांगितलं. बाईलाही ते पटलं.

*

बेलापूरला पोचेपर्यंत भुका लागल्या होत्या. स्टेशनबाहेर वडापाव चांगला मिळतो, पण डोंगर चढायचा असेल तर एकावर थांबा. पारसिक हिलवर डांबरी रस्ता जातो. रमत गेलं तर अर्ध्या तासाची चाल. पावसाळ्यात कडेच्या कातळावरून पाणी उतरत असतं आणि सगळीकडे ओल्या मातीचा वास.

"दम लागला का मावशी?" मी विचारलं.

"ह्याला डोंगर म्हनत्यात व्हय? आमच्या हिंगोलीकडं ह्याला टेकाड म्हनत्यात." एवढं बोलून त्या कठड्यावर बसल्या आणि पाच मिनिटं पदराने वारा घेत राहिल्या.

वर मोकळ्या जागी डबे सोडले. मावशींनी सगळ्यांपुरत्या ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. पत्ता विचारत येणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की इथे वर खायला काही मिळत नाही, बरोबर न्या, आणि कागद-पिशव्या परत आणा.

वरून सगळं दिसतं. एका बाजूला खाडी, तिच्या काठाने कांदळवनाचा गडद पट्टा, मग इमारतींचे गठ्ठे, पूर्वेला खारघरचे डोंगर. मुलांनी नकाशा पसरून कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. जुन्या नकाशावरचा डोंगर समोरच्या डोंगराशी तंतोतंत जुळत होता. सपाटीवरचं मात्र काहीच जुळत नव्हतं. 'भूमी उपयोजन' हा धडा मी चारदा शिकवला असेल. त्या दिवशी मला काही शिकवावंच लागलं नाही. मुलंच एकमेकांना ओरडून दाखवत होती, इथे मीठ होतं, इथे भात होता, इथे नुसतं पाणी.

मावशी हळूच ऋतुजाजवळ सरकल्या. "आपली खोली कुठशीक येती गं ह्यात?"

ऋतुजाने बोट फिरवलं. कामोठे गावाचा पुंजका सापडला. तिथून बाहेर, खाडीच्या दिशेला, तिचं बोट थांबलं. "साधारण इथे."

तिथे निळ्या तुटक रेघा होत्या. तिनेच काढलेल्या.

मी ते पाहिलं आणि माझ्या मनात जे आलं ते लपवत नाही. मला आनंद झाला: ही खोली बारगळली तर घर हलणार नाही आणि ऋतुजाचा भूगोल सुटणार नाही. मी म्हणाले, "मावशी, तो सगळा भाग मुळात भरतीचा चिखल आहे. पावसाळ्यात उधाण आलं की पाणी घरात येणार. तळमजल्याची खोली तिथे घेऊच नका."

बोलताना माझा आवाज अगदी शिकवतानाचा होता. मावशींचा हात भाकरीवर थांबला. त्या खोलीत स्वतंत्र मोरी होती, संडास आत होता, स्वयंपाकाला कडप्प्याचा ओटा होता. घणसोलीत त्या पाच बिऱ्हाडांत मिळून एक संडास वापरतात. हे सगळं त्यांनी मला बसमध्ये येताना हौसेने सांगितलं होतं.

"नकाशात तसं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो. हे बघा."

त्यांना त्या रेघांमधलं काय कळलं असेल कोण जाणे, पण बराच वेळ त्या बघत राहिल्या. "बघू," म्हणाल्या. उतरताना त्या ओंकारच्या थट्टेलाही हसल्या नाहीत. ऋतुजा नकाशा गुंडाळून पुढे चालत होती. मला वाटलं, तिला हायसं वाटत असेल.

*

बेलापूरहून कामोठ्याला बसने महामार्गावरून गेलो. इमारतींच्या रांगा, औषधांची दुकानं, क्लासचे फलक. खोली गावठाणापासून थोड्या अंतरावरच्या एका गल्लीत होती. घरमालकीण दारातच उभी होती. तिने कुलूप काढलं, मोरीतला नळ सोडून दाखवला, ओट्यावरून हात फिरवला. मावशी आत गेल्या आणि मोरीच्या दाराची कडी दोनदा लावून उघडून पाहिली.

मग उंबऱ्यात येऊन त्यांनी मालकिणीला विचारलं, "पानी भरतंय का हो हितं? आमच्या म्याडम म्हनत्यात, हितं समदा चिखल हाय."

मालकीण माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण बोललं? काय टेन्शन देताय यांना?"

मी नकाशाचं सांगू लागले. तेवढ्यात लक्षात आलं की ऋतुजा तिथे नाही. ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली होती. परत येताना ती जोत्यांकडे बघत होती, घरांच्या भिंतींना खालून हात लावत होती. शेजारच्या घरासमोर एक बाई धुणं वाळत घालत होती, तिच्याशी थांबून काहीतरी बोलली. मग खोलीच्या दारासमोर आली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि अर्धीअधिक बाटली रस्त्यावर ओतली.

"आता हे काय करायलीस?" मावशी ओरडल्या.

पाणी क्षणभर तिथेच पसरलं, मग एका बाजूने त्याला वाट सापडली आणि ते खोलीपासून लांब, गल्लीच्या टोकाकडे वाहत गेलं. ऋतुजा त्याच्या मागे मागे चालत गेली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मालकीणसुद्धा.

ती परत आली ती माझ्याकडे. मावशींकडे नाही.

"ताई, नकाशात चिखल आहे ते बरोबर. पण नकाशा जुना आहे. इथे भराव टाकलाय, चांगला उंच. उतार तिकडे आहे. त्या काकू बोलल्या, मागच्या आठवड्यात एवढा पाऊस पडला तेव्हा पाणी खालच्या पानटपरीपर्यंत आलं होतं, या बाजूला नाही. खालच्या घरांच्या भिंतीला ओल आहे, इकडे नाही. जोतंपण रस्त्यापेक्षा उंच आहे." ती थांबली. "खोली चांगली आहे."

शेवटचे तीन शब्द ती हळू बोलली. त्या खोलीबरोबर आपल्याला काय द्यावं लागणार आहे हे तिथे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आणखी दोन मिनिटं गप्प राहिली असती तर तिचा भूगोल वाचला असता. कुणाला पत्ताही लागला नसता.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्याडम, तुमी सांगा. घिऊ का न्हाई?"

मला मान्य करावंच लागलं. जुना नकाशा हातात धरून आजच्या जमिनीबद्दल बोलू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आधी जागेवर जा, मग बोला. मी डोंगरावर बसून बोलले होते, कारण मला तेच हवं होतं.

"ऋतुजाचं बरोबर आहे, मावशी. मी चुकले. खोली घ्या."

मालकिणीने लगेच चहा टाकला. आम्ही सहाजण त्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसून चहा प्यायलो. ओंकार म्हणाला, "मावशी, उद्या भाडं कमी करायचं असेल तर सांगा, मी पानटपरीजवळची ओल दाखवायला येतो." मालकीण म्हणाली, "तू परत येऊच नकोस." मग सगळेच हसले, मीसुद्धा.

*

परतीला मानसरोवर स्टेशनवरून ठाण्याची गाडी घेतली. ती थेट घणसोलीला येते, कुठे बदलायला लागत नाही. दिवसभराचं बस, वडापाव, गाडी धरून माणशी दोनशेच्या आत भागलं. भाकरी फुकट.

फलाटावर मायलेकी माझ्या शेजारच्याच बाकावर होत्या.

"येडी हायीस का गं तू?" मावशी म्हणत होत्या. "गप बसायला काय झालतं? म्याडमनी आयतं सांगितलंतं. तुजं कालिज ऱ्हायलं असतं."

"आणि तू राहिली असतीस घणसोलीतच, त्या संडासाच्या लायनीत."

"मंग? ऱ्हायलीच हाय की इतकी वर्सं."

"पाणी तिकडं जाताना दिसलं, आई. मी काय सांगायचं, इकडं येतंय म्हणून?"

पदराने मावशींनी ऋतुजाच्या गालावरचा चिखलाचा डाग पुसला, जरा जास्तच जोराने.

घरी आले तेव्हा आई भात वाढत होती. माझे आईवडील महाडकडचे. बाबा एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. जेवताना मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मुलगी खरी आहे." आईने विचारलं, "मग आता तिच्या कॉलेजचं काय?"

मी म्हणाले, "ती आपल्याकडे राहिली तर? परीक्षा होईपर्यंत."

आमचं घर म्हणजे खाली एक खोली आणि वर पत्र्याखालचा पोटमाळा, जिथे मी झोपते आणि अभ्यास करते. आईने भाताचं पातेलं बाजूला ठेवलं. "माळ्यावर दोघी मावाल का?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, मावू. बाबा म्हणाले, "आधी तिच्या आईला विचार. आपण ठरवून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी कमलमावशींच्या दारात गेले. आधी त्या रागावल्या. "माझी लेक काय दुसऱ्याच्या दारात ठिवायची?" मग म्हणाल्या, विचारते तिच्या बापाला. मग आठवडाभर काहीच नाही. मी रोज त्यांच्या गल्लीवरून गेले आणि रोज न विचारता परत आले. तुम्हाला कधी एखाद्या मुलीच्या शिक्षणासाठी तिच्या घरच्यांशी बोलायची वेळ आली तर माझा एक अनुभव सांगते: मुद्दे कमी पडत नाहीत, कमी पडतो तो त्यांचा आपल्यावरचा विश्वास. आणि डोंगरावर मी जे बोलले होते त्यामुळे माझ्यावरचा तो विश्वास तर आधीच थोडा खर्च झाला होता.

शनिवारी संध्याकाळी त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. आईने त्यांना खुर्ची दिली, त्या खाली बसल्या.

"तवा खोली नका घिऊ म्हनून धरून बसली असतीस तं मी आलेच नसते," त्या मला म्हणाल्या. म्याडम न म्हणता. "पोरगी बोलल्यावर चारचौघांत म्हनलीस, मी चुकले. म्हनून आले. आता आयक. शनवारी तिला घरी धाडायची. आन् पाव्हनी करून ठिवायची न्हाई, भांडी घासू द्यायची."

"भांडी मी घासते," आई म्हणाली, "तिने अभ्यास करावा."

"मंग न्हाई धाडत."

बराच वेळ भांड्यांवरून दोघींचं चाललं. शेवटी रात्रीची भांडी ऋतुजाची असं ठरलं.

या सहलीने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर आमच्या चौघांचे क्षेत्रभेटीचे अहवाल लिहून झाले आहेत आणि ऋतुजाच्या अहवालात तिने काढलेला त्या गल्लीचा छेद, म्हणजे चढउताराची आकृती आहे, पानटपरीसकट. तो मी काढलेल्या कुठल्याही छेदापेक्षा चांगला आहे. तुम्ही जाणार असाल तर एवढंच करा: जुना नकाशा न्या, पण पाण्याची बाटलीही न्या.

कमलमावशींनी सामान टेम्पोत भरून कामोठ्याला नेलं. त्याच दिवशी मी माळ्यावरचे जुने डबे, गाद्या आणि माझे बी.ए.चे गठ्ठे खाली उतरवले, लादी पुसली आणि माझं टेबल भिंतीकडे सरकवलं. खिडकीजवळची जागा, जिथे उजेड चांगला येतो, ती ऋतुजाला दिली आहे.